मनगटी कोर

मंगळवारी सकाळी साडेदहाला लालबागच्या नाक्यावर एक बस माझ्या डाव्या खांद्याला जवळजवळ घासून गेली आणि मला ती ऐकूच आली नाही. दिसली, तीसुद्धा अर्धीच. लाल पत्रा, त्यावरची कुठल्याशा क्लासची जाहिरात, दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरचं उघडं तोंड. त्या तोंडातून आवाज येत नव्हता. एका बाईने मागून माझी पिशवी धरून मला खेचलं, पिशवीतली पखवाजाची हातोडी माझ्या गुडघ्यावर आपटली, आणि तेव्हा कुठे मला कळलं की डावा कान गेलाय. रविवारपासून त्यात शिट्टी वाजत होती, गॅसवर कुकर विसरल्यासारखी, आणि ती शिट्टी म्हणजेच ऐकणं असं मी धरून चाललो होतो. बाई मला काहीतरी बोलली. शिवीच असणार. मी तिला हात जोडले. हातोडी पिशवीत कशाला होती, हे मात्र तिने विचारलं नाही. विमा कंपनीत कारकुनी करणारा बेचाळीस वर्षांचा माणूस सकाळी घरून निघताना डबा घेतो, छत्री घेतो, हातोडी घेत नाही. मी घेतली होती. सोमवारीही घेतली होती. टेबलाच्या खणात ती ठेवायची, अधूनमधून खण उघडून तिच्या लाकडी दांड्यावरून बोट फिरवायचं आणि कुणाचं काय फोडायचं याची मनातल्या मनात यादी करायची, असा सोमवारभर माझा उद्योग होता.

यादीत पहिला हेरंबबुवा, समोरच्या मंडळाचा. त्याचे पुढचे दात. दोनच, जास्त नको. निकोलस गिरगावात कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे, तो नवे करून देईल, असाही विचार मनात यायचा आणि मला एकट्यालाच हसू फुटायचं. शेजारच्या टेबलावरच्या मीनाक्षीबाई माझ्याकडे बघायच्या. माझ्या गालावर चार बोटं उठली होती ती त्यांनी सोमवारीच पाहिली होती, आणि त्यांच्यासारख्या सुशिक्षित बाईने करायचं ते त्यांनी केलं होतं, म्हणजे काही विचारलं नाही.

नाक्यावरून मी ऑफिसला गेलोच नाही. परळच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिशीच्या असतील. कानात नळी घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, पडद्याला भोक पडलंय, कोणी मारलं? मी म्हटलं, क्रिकेटचा बॉल लागला. त्या म्हणाल्या, "बॉलला बोटं नसतात." मग कागदावर औषध लिहिता लिहिता सांगितलं की पाणी जाऊ देऊ नका, शिंक दाबू नका, तीन-चार आठवड्यांत पडदा आपोआप भरून येईल. आपोआप या शब्दावर मी अडकलो. गेली तेवीस वर्षं मी पखवाज वाजवतोय. पखवाजाचं चामडं फाटलं तर फाटलं. ते काढून टाकायचं, नवं मढवायचं, पुन्हा शाई, पुन्हा वादी, आणि तरी जुना नाद येत नाही तो नाहीच. आणि ज्या चामड्यावर माझ्या गुरूने तळहाताची एकच थाप मारून भोक पाडलं ते म्हणे आपोआप सांधणार. शरीर किती निर्लज्ज असतं. मला त्याचा राग आला. निदान काही खुणा तरी त्याने राखून ठेवायला हव्यात, असं मला वाटत राहिलं.

खूण राखलेलं एक शरीर मला माहीत आहे. निकोलसच्या उजव्या मनगटावर, आतल्या बाजूला, नाडी लागते त्याच्या जरा वर, चंद्राच्या कोरीसारखा डाग आहे. बावीस वर्षांचा असताना तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. कुणीतरी त्याच्या आईच्या, जसिंताआंटीच्या, कानावर घातलं की तुमचा मुलगा कसा आहे. त्या रविवारी पुलपिटावरून याच विषयावर प्रवचन झालं, नाव न घेता, आणि नाव न घेता बोललेलं सगळ्यांना बरोबर कळतं. घरी आल्यावर आंटीने गॅसवर मोठी पळी तापत ठेवली. ज्या हाताने देवाचं वाजवतोस तो हात पुढे कर, म्हणाली. त्याने केला. हे मला कधीच समजलं नाही, की त्याने केला. पळीची फक्त कड टेकली म्हणून डाग कोरीसारखा उठला. मग तिनेच त्याचा हात नळाखाली धरला, तिनेच टूथपेस्ट लावली आणि रात्रभर रडली. आज आंटी पंच्याहत्तरीची आहे, फणसवाडीच्या मागच्या गल्लीत दोघंच राहतात, तिची कवळी निकोलसच करतो आणि ती बसली नाही की तिला ओरडतो. मी पहिल्यांदा तो डाग पाहिला तेव्हा विचारलं, हे कुणी केलं, तर त्याने सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. मी बसून राहायचो, त्याचा हात हातात घेऊन, आणि माझं घरी जायचं राहून जायचं. त्या वर्षात मी गौळण लिहिली.

मनगटी त्याच्या कोर चंद्राची
कुणी गे डागिली, सांगेना
हात धरिता हात सोडेना
सखे, मी घरी जाईना ॥

गौळणी मी लिहायचो हे आमच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बाहेर कुणालाच नाही. भोईवाड्याचं आमचं भजनी मंडळ शामरावबुवांचं. त्यांचा आवाज, त्यांची पेटी, त्यांचं नाव. गौळणीत गवळण कृष्णासाठी झुरते. मिशीवाले, पोट सुटलेले, गिरणीत हाडं झिजवलेले बाप्ये शतकानुशतकं बाईच्या तोंडाने पुरुषासाठी रडत आलेत आणि त्याला भक्ती म्हणतात. मी त्या आडोशाला जाऊन बसलो, दुसरं काय केलं? पंधरा वर्षांत बावीस गौळणी लिहिल्या आणि प्रत्येकीच्या शेवटच्या कडव्यात बुवांची नाममुद्रा घातली. शाम म्हणे. कारण शिष्याने लिहिलेलं गुरूच्या नावाने जातं, ही रीत. त्या नाममुद्रेला आमच्या मंडळात एक सवय आहे. नाव आलं की टाळ क्षणभर थांबतात आणि प्रत्येकाची मान खाली जाते. ठरवून नाही, शिंक आली की डोळे मिटतात तशी. पंधरा वर्षं माझ्या ओळींपुढे सात जणांच्या माना बुवांच्या नावाला वाकत आल्या. मला वाईट वाटायचं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटायचं.

शाम म्हणे आता लाज कुणा लावू
देहाची ओळख पटेना ॥

निकोलसने ती गौळण पहिल्यांदा ऐकली ती काळाचौकीच्या एका पूजेला. तिसऱ्या रांगेत बसला होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट, कफची बटणं लावलेली. बारा वर्षं तो असेच शर्ट घालायचा, मे महिन्यातसुद्धा. कार्यक्रम संपल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "साला, मी बारा वर्षं जो डाग झाकतोय तो तू लाउडस्पीकरवर गातोस?" मला वाटलं, संपलं. पण तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. पुढे म्हणाला, लोक डोलत होते रे, म्हाताऱ्या बायका हात वर करत होत्या, माझ्या डागाला. दुसऱ्या आठवड्यात तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आला. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला तसाच यायचा. तिसरी रांग, अर्ध्या बाह्या, मनगट उघडं. मी पखवाजावरून त्याच्याकडे बघायचो. तुझा देव निदान लोणी चोरतो, त्याला आपलं समजेल, असं तो म्हणायचा. इतकं सुख मला कशानेच झालं नव्हतं, आणि सुखात माणूस बेसावध होतो हे आपल्या लोकांनी हजार वेळा सांगून ठेवलंय. मी ऐकलं नाही.

रविवारी माघी गणपतीची डबलबारी होती, लालबागच्या एका चाळीच्या पटांगणात. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर. एकाने गायचं, त्यातच कोपरखळी मारायची, कोडं घालायचं, आणि दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचं. उत्तर न देता उठला तो हरला. शामरावबुवा चाळीस वर्षांत उठले नव्हते. समोर चिंचपोकळीचा हेरंबबुवा, तिशीचा, गळ्यात जाड माळ, मोबाइलवर लाखभर लोक त्याला बघतात. पाच वाजता सुरू झालं. बुवांनी माझी गौळण घेतली. पटांगण डोललं. मग हेरंबबुवाने पेटीवर तीच चाल धरली, हसत हसत, माझ्याकडे न बघता.

श्रीवत्स छातीवर ऐकिला पुराणी
मनगटी कोर ही कुठली?
तिसऱ्या रांगेत बसला गे कान्हा
झाकली मूठ ही सुटली ॥

आधी कुणाला कळलं नाही. मग त्याने कडवं परत घेतलं आणि बोट केलं. चारशे माना वळल्या. निकोलसने हात मागे घेतला, मांडीखाली. हात लपवायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळ्यांना सगळं समजलं. हसू आलं ते आधी बायकांतून आलं, ज्या हात वर करायच्या त्यांच्यातून. पुराणात चूक काढायची तर हेरंबबुवाचं चुकलं नव्हतं. कृष्णाच्या मनगटावर कोर कुठल्याच पुराणात नाही. शास्त्रात नसलेलं अंग मी देवाला चिकटवलं होतं, आणि या धंद्यात ती चूक धरली जाते, धरलीच पाहिजे. पण तो पुढे बोलायला लागला, गाणं सोडून, माइकवर, की देवाच्या नावाखाली ही घाण, असल्यांना टाळाला हात लावू देता कामा नये, कोर्टाने सोडलं तरी पांडुरंग सोडत नाही. टाळ्या पडल्या. मला बाकी काही आठवत नाही, टाळ्या आठवतात. माझे दोन्ही हात पखवाजावर होते आणि बोटं आपोआप ठेका धरून होती. त्याने मला शिव्या दिल्या त्याच्या खाली ठेका माझाच होता.

बुवांनी पेटीचा भाता लावला आणि ते उठले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मंडपाच्या मागे पाण्याची पिंपं होती, तिथे मला घेऊन गेले. बुवा माझ्या बापाचे मित्र, बाप गेल्यावर माझी फी भरलेले, माझ्या हातात पखवाज दिलेले. चिडले की मालवणीत येतात. त्यांनी विचारलं, "ह्या खरा काय रे?" मी हो म्हटलं. मी नाही म्हणू शकलो असतो, त्यांना तेच हवं होतं, डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी उजव्या हातातली अंगठी काढून खिशात ठेवली. मला लागू नये म्हणून. आणि मग मारलं. सत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात इतकी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. मी पिंपावर पडलो, पाणी अंगावर आलं, कानात काहीतरी फाटल्याचा आवाज झाला आणि नंतर शिट्टी. ते अंगठी परत घालत होते, ती बोटात जात नव्हती. मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली आणि त्याच क्षणी त्याला ठेचावंसं वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तिथे शिकायला मिळालं.

सोमवारी मंडळातल्या झांजवाल्या शंतनुचा फोन आला. बुवांचा निरोप होता. मंगळवारी संध्याकाळी सहाला भोईवाड्याच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं. मी गळ्यातली तुळशीची माळ काढून पखवाजावर ठेवायची, त्यावर हात ठेवून शपथ घ्यायची की ती ओळ मनाने रचली, तो माणूस माझ्या ओळखीचा नाही. पुढच्या रविवारी बुवा ती शपथ हेरंबबुवाच्या तोंडावर मारतील आणि बारी जिंकतील. शपथ घेतली नाही तर पखवाज सोडायचा, गौळणींची वही मंडळात जमा करायची. शंतनु माणूस वाईट नाही. घे रे शपथ, बोलून टाक, आम्हाला काय कळत नव्हतं का, असं म्हणाला. म्हणजे त्यांना कळत होतं. पंधरा वर्षं कळत होतं आणि चालत होतं, चव्हाट्यावर येईपर्यंत. आईने, कालिंदीबाईने, रविवारपासून माझ्याशी बोलणं सोडलं नव्हतं, बघणं सोडलं होतं. ताटाकडे बघून बोलायची. मंगळवारी सकाळी मी निघालो तेव्हा दाराकडे पाठ करून म्हणाली, "घे शपथ नि मोकळा हो. देवाला खोट्या शपथांची सवय आहे." यात धर्म किती आणि माया किती हे मी दिवसभर मोजत होतो. पिशवीत हातोडी होती आणि ती हलकी लागत होती.

दवाखान्यातून निघून मी निकोलसला फोन केला. दुपारी तीनला तो परळच्या एका उडप्याकडे आला. माझ्या डाव्या बाजूला बसला आणि काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही. मी समोर बस म्हटलं. तो समोर आला, टेबलावर हात ठेवले, आणि मला दिसलं. पूर्ण बाह्या. पांढरा शर्ट, कफचं बटण लावलेलं. त्याने माझी नजर पाहिली आणि हात खाली घेतला, रविवारसारखाच. डाव्या हाताने कॉफी ढवळायला लागला. मग तो म्हणाला की शपथ घेऊन टाक, मला चालेल, माझ्या आईनेही माझ्याकडून अशा खूप घेतल्यात. चालेल हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मला तो पळीखाली हात पुढे करणारा मुलगा दिसला. त्या क्षणी माझ्या मनात हेरंबबुवा नव्हता, त्याचे दात नव्हते. मला जसिंताआंटी दिसली, माझी आई दिसली, बुवा दिसले, सगळी प्रेमाची माणसं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी तापलेलं. आणि त्यांच्या रांगेत शेवटी मी उभा होतो. संध्याकाळी सहाला माझी पाळी होती. मी शपथ घेतली तर ती कोर या माणसाच्या मनगटावर दुसऱ्यांदा उठणार होती, आणि या वेळी डागणारा हात माझा असणार होता. हे मी त्याला बोललो नाही. भोईवाड्यात ये, खाली थांब, एवढंच सांगितलं. कशाला, म्हणाला. थांब रे, म्हटलं.

सहाला मंडळाच्या खोलीत सगळे भिंतीला टेकून बसले होते. सात जण आणि बुवा. विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीपुढे उदबत्ती, मधोमध पखवाज, त्याच्या डाव्या पुडीच्या चामड्यावर नाद घुमावा म्हणून कुणीतरी कणीक लावून ठेवलेली, ओली. बुवा माझ्या डाव्या हाताला बसले होते. मी माळ काढून पखवाजावर ठेवली. मग पिशवीत हात घातला आणि हातोडी काढली. शंतनु झटकन मागे सरकला. दुसरा एक जण उठून उभा राहिला. खोलीतल्या कुणाच्याच मनात ती हातोडी सुरात आणायची वस्तू राहिली नव्हती, आणि दोन दिवस माझ्याही नव्हती. हातात ती धरून मी बुवांकडे पाहिलं. त्यांनी मान सरळ ठेवली. मार, असं ते डोळ्यांनी म्हणत होते, मारलंस तर मी जिंकलो. माझा हात वर गेलेला होता हे मला नंतर शंतनुच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी ती खाली आणली ती पखवाजाच्या लाकडी गट्ट्यावर. ठोकत ठोकत पखवाजाचा सूर उतरवायला घेतला. तेवीस वर्षं तो बुवांच्या सुराला लावलेला होता, पेटीची काळी दोन. माझा गळा तेवढा चढत नाही, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मी तो काळी एकला आणला. एकाच कानाने सूर लावायचा म्हणजे वेळ लागतो. बुवा काहीतरी बोलत असावेत, त्यांचे ओठ हलत होते, पण ते डावीकडे होते. माळ पुडीवरून घसरून सतरंजीवर पडली. मग मी गौळण म्हटली. माझा आवाज चांगला नाही, खरखरीत आहे, पण शब्द पाठ होते, ते कुणासाठी लिहिले ते पाठ होतं. कोर आली, हात धरिता आलं, घरी जाईना आलं. कुणी टाळ धरला नाही, कुणी उठून गेलंही नाही. शेवटचं कडवं मी त्याच चालीत घेतलं.

अवधूत म्हणे लाज कुणा लावू
देहाची ओळख पटली गे ॥

आणि सातही माना खाली गेल्या. सवयीने. चाळीस वर्षांच्या सवयीने, नाममुद्रेची जागा आली म्हणून, कुणाचं नाव आलं हे डोक्यात शिरायच्या आत. शंतनुची मान तर पार गुडघ्यापर्यंत. मग एकेकाने चपापून वर पाहिलं, जणू कुणी त्यांचा खिसा कापला होता. पण वाकलेली मान परत घेता येत नाही. ते त्यांनाही कळलं आणि बुवांनाही. दुसरा फटका डावीकडून आला, म्हणून तो मला ऐकू आला नाही. या वेळी अंगठी बोटातच होती. गाल फुटला, कपाळ पखवाजावर आपटलं, तोंडात कणीक आणि रक्त एकत्र आलं, खारट, कच्चं. बुवांनी पखवाजाला लाथ मारली, तो भिंतीवर जाऊन फुटला. नंतर ते मटकन खाली बसले आणि फुटलेल्या पुडीवर हात फिरवायला लागले. मी उठलो. मला त्यांना उचलून बसवायचं होतं आणि त्यांच्या छातीवर पाय द्यायचा होता. मी दोन्ही केलं नाही. वही पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवली, हातोडी तिच्यावर ठेवली, आणि जिना उतरलो.

खाली निकोलस भोईवाड्याच्या कोर्टाच्या भिंतीला टेकून उभा होता. माझं तोंड पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. रुमाल काढून गालाला लावला, काहीतरी विचारत होता, डाव्या बाजूने. मी त्याला खांद्याला धरून उजवीकडे आणला. वर गॅलरीत मंडळातले चौघे-पाच जण येऊन उभे होते, समोरच्या पानवाल्याने हातातलं काम थांबवलं होतं, ऑफिसं सुटून आलेली माणसं चालता चालता बघत होती. काय बोललास शेवटी, असं निकोलसने विचारलं. मी म्हटलं, माझं नाव. मग त्याचा उजवा हात हातात घेतला. त्याने तो मागे ओढला, मी सोडला नाही. माझ्या बोटांना कणीक लागली होती, कफचं बटण घट्ट होतं, आणि ते काढायला बराच वेळ लागला.